एम्ब्रियॉलॉजी ब्लेंडेड पद्धतीनं शिकवायचीय? आधी ओढणी घ्या, मग मोबाईल

फर्स्ट एमबीबीएसच्या बॅचला एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे गर्भ कसा घडतो ते, शिकवायची म्हटल्यावर नवीन असिस्टंट प्रोफेसरचा किंवा ट्यूटरचा चेहरा कसा होतो ते मला चांगलं माहितीये, कारण माझाही तसाच झाला होता. डिसेक्शन हॉलमध्ये निदान हातात धरायला काहीतरी असतं, नर्व्ह उचलून दाखवता येते, मसल ओढून दाखवता येतो. इथं काय दाखवणार? तिसऱ्या आठवड्याच्या शेवटचा गर्भ म्हणजे दोनेक मिलिमीटर, आणि तोही कालचा आज राहत नाही. आपण फळ्यावर जे काढतो ते एका दिवसाच्या एका कापाचं चित्र असतं, मुलं ते इमानदारीत वहीत उतरवतात, रंग भरतात, पाठ करतात आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं की हा काप नेमका कुठून घेतलाय, तर सगळे छताकडे बघतात.

त्यामुळे माझं साधं गणित असं आहे की गर्भात दोन गोष्टी एकदम चालू असतात, वेळ पुढं सरकत असतो आणि आकार बदलत असतो. वेळेचं काम व्हिडिओला द्यायचं, कारण तो मागेपुढे करता येतो. आकाराचं काम मुलांच्या हाताला द्यायचं, कणीक, लोकर, ओढणी काहीही चालेल. आणि वर्गातला तास प्रश्न विचारायला मोकळा ठेवायचा. ब्लेंडेड लर्निंगच्या, म्हणजे थोडं ऑनलाइन आणि थोडं वर्गात शिकवण्याच्या, नावाखाली मी जे करते ते एवढंच आहे, खाली ते पायरीपायरीनं सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी केलं ते ब्लेंडेड नव्हतं हां, एक तासाचं लेक्चर झूमवर नेलं आणि पीपीटी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, त्याला फक्त लांबून लेक्चर म्हणायचं.

पायरी १. एकच टॉपिक उचला

सगळी एम्ब्रियॉलॉजी एकदम ऑनलाइन करायला जाऊ नका, दिवाळीपर्यंत दमाल आणि मग परत फळ्यावर याल. २०१९ पासून जो सीबीएमई (कॉम्पिटन्सी-बेस्ड) अभ्यासक्रम आला त्यात जनरल एम्ब्रियॉलॉजी एएन ७६ ते एएन ८१ मध्ये आहे (एएन म्हणजे अॅनाटॉमी), म्हणजे ओळख, गॅमेटोजेनेसिस (बीजपेशी तयार होणं) आणि फर्टिलायझेशन, दुसरा आठवडा, तिसरा ते आठवा आठवडा, फीटल मेम्ब्रेन्स (गर्भाभोवतीची आवरणं) आणि प्रीनेटल डायग्नोसिस (जन्माआधीची तपासणी). बाकी सिस्टिमिक एम्ब्रियॉलॉजी त्या त्या अवयवाबरोबर विखुरलेली असते, हार्ट थोरॅक्समध्ये, गट अॅब्डोमेनमध्ये. ही यादी प्रिंट काढून घ्या आणि प्रत्येक ओळीपुढं एकच खूण करा, यात काही हलतं का, वळतं का, फिरतं का? हलत असेल तरच व्हिडिओ आणि हातकाम. फायलोजेनी म्हणजे काय, ऑन्टोजेनी म्हणजे काय, ट्रायमेस्टर किती, याला व्हिडिओ कशाला लागतो, अर्ध्या पानाची नोट द्या आणि पुढं चला.

माझ्या यादीत खुणा झालेले टॉपिक असे निघाले: गॅस्ट्रुलेशन (गर्भाचे तीन थर तयार होणं), न्यूरल ट्यूब (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती) बंद होणं, गर्भाचं फोल्डिंग, हार्टचं सेप्टेशन (पडदे पडून कप्पे होणं), मिडगट रोटेशन (मधल्या आतड्याचं फिरणं) आणि डायफ्रॅम. पहिल्या वर्षी यातले तीनच करा. मी इथं मिडगट घेऊन सांगते कारण त्यात सगळ्या चुका मी स्वतः करून झाल्यात.

पायरी २. शेवट आधी ठरवा

मोबाईल हातात घ्यायच्या आधी एका कागदावर लिहा की तास संपल्यावर मुलगा काय करून दाखवेल. "मिडगट रोटेशन समजेल" असलं नाही, समजलं की नाही ते आपल्याला दिसत नाही. माझ्या कागदावर तीन ओळी होत्या: हातातल्या दोरीनं समोरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं २७० अंश फिरवून दाखवेल आणि ते कुठल्या रक्तवाहिनीभोवती फिरतंय ते सांगेल, ऑम्फॅलोसील (आवरणासकट नाळेत राहिलेलं आतडं) आणि गॅस्ट्रोस्कायसिस (पोटाच्या भिंतीतून उघडं बाहेर आलेलं आतडं) यातला फरक चित्रावरून सांगेल, आणि हिरवी उलटी करणारं नवजात बाळ बघून घाबरेल. तिसरी ओळ एचओडींना (विभागप्रमुखांना) फार आवडली नाही, पण ती मी काढली नाही.

मग त्या तीन ओळींतली कुठली गोष्ट घरी होईल आणि कुठली वर्गात तेवढं वाटून टाका. ऑनलाइन भागाचा वेळ टाइमटेबलमध्ये कसा धरायचा हे पण याच वेळी डिपार्टमेंटमध्ये विचारून लेखी घेऊन ठेवा, नंतर हजेरीच्या रजिस्टरवरून वाद होतात.

पायरी ३. व्हिडिओ, आणि माझी फजिती

व्हिडिओ सहा-सात मिनिटांचा करा, त्याच्यापुढं गेला की दोन करा. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसचा अभ्यास झाला होता त्यातही हेच निघालं की सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक सगळ्यात जास्त टिकून बघतात, आणि आपली मुलं तर दुपारी डिसेक्शन करून फॉर्मेलिनच्या वासानं डोळे चोळत हॉस्टेलवर गेलेली असतात.

स्टुडिओबिडिओ लागत नाही. टेबल, दोन्ही बाजूनं उजेड, मोबाईल वरून खाली बघणारा, म्हणजे स्टँड नसेल तर दोन जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर एक पट्टी आडवी टाकून त्यावर मोबाईल. पंखा बंद. पंखा बंद हे दोनदा वाचा, चित्र थोडं धूसर असलं तरी मुलं चालवून घेतात पण घरघर असली तर तिसऱ्या सेकंदाला बंद करतात, साधा कॉलर माइक असला तर उत्तमच. चेहरा दिसायची काही गरज नाही, हात दिसले पाहिजेत. कागदावर जिवंत चित्र काढत बोला, पीपीटीवर आवाज चढवू नका, कारण रेघ कुठून सुरू होऊन कुठं गेली हेच तर शिकवायचंय.

आता फजिती. मिडगटचा पहिला व्हिडिओ मी हौसेनं उभं राहून, ओढणी हातात घेऊन, सेल्फी कॅमेऱ्यानं केला. छान झाला, मी स्वतःवरच खूश. दीडशे मुलांच्या बॅचला पाठवला. दुसऱ्या दिवशी वर्गात बघते तर निम्म्या वह्यांमध्ये सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, डावीकडे, असायला हवं उजवीकडे. आधी चिडले, मग एका मुलीनं व्हिडिओ लावून दाखवला, मॅडम तुम्हीच तर असं फिरवलंय. बऱ्याच फोनचा सेल्फी कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं सेव्ह करतो, माझ्या फोननं तेच केलं होतं, घड्याळाच्या उलट दिशा सुलट झाली आणि मी एका अख्ख्या बॅचला सायटस इन्व्हर्सस (अवयव आरशासारखे उलट्या बाजूला) शिकवून बसले. म्हणून नियम: मागचाच कॅमेरा वापरा, आणि पाठवायच्या आधी फ्रेममध्ये एखादं अक्षर लिहिलेला कागद दिसतोय आणि तो सरळ वाचता येतोय ना ते बघा. उजवी-डावी नेहमी गर्भाची, बघणाऱ्याची नाही, हे व्हिडिओच्या सुरुवातीला तोंडानं बोला.

दुसरी गोष्ट, दिवस मोजायची. एम्ब्रियॉलॉजीत आपण फर्टिलायझेशनपासून मोजतो आणि ओबीजीवाय (स्त्रीरोग-प्रसूती) वाले शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, फरक दोन आठवड्यांचा. प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या कागदावर हे लिहाच. मिडगटमध्ये तर यावरच सगळं अवलंबून आहे: सहाव्या आठवड्यात आतडं नाळेत बाहेर जातं आणि दहाव्या आठवड्यात परत आत येतं, तो गर्भाचा दहावा म्हणजे पाळीपासून बारावा. म्हणून त्याच्या आधीच्या सोनोग्राफीत आतडं बाहेर दिसलं तर ते नॉर्मल असू शकतं, लगेच ऑम्फॅलोसील म्हणून घाबरवायचं नसतं. हे एक वाक्य सांगितलं की मुलांना कळतं आठवडे का पाठ करायचे.

भाषेचं काय? मी आधी सगळं मराठीत बोलायचे, टर्म्स फक्त इंग्रजीत. गावाकडून, मराठी मीडियममधून आलेली मुलं खूश. पण सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या, ती मुलं बिचारी केरळ-राजस्थानातून आलेली, त्यांना ओ की ठो कळेना. आता मुख्य व्हिडिओ सोप्या इंग्रजीत आणि त्याच विषयावर तीन मिनिटांची मराठी ऑडिओ क्लिप वेगळी, जिला हवी तिनं ऐकावी. कामाचं काही वाढत नाही, तसंही आपण घरी कुणाला समजावून सांगतो तसंच बोलायचं असतं. मराठीत आपल्याकडे शब्द पण सुंदर आहेत, प्लासेंटाला वार, अॅम्निऑटिक सॅकला पाणमोट. वार शिकवताना एक मुलगी सहज म्हणाली की माझी आजी सुईण होती, ती वार पडल्यावर पालथी करून सगळे तुकडे जागेवर आहेत का बघायची. झालं, मॅटर्नल सरफेस (वारेची आईकडची बाजू) आणि कॉटिलेडन्स (तिचे तुकडे) हा भाग तिनंच शिकवला त्या दिवशी.

पायरी ४. तयार मिळतं ते वापरा

सगळं स्वतः करायची गरज नाही, या विषयात फुकट आणि चांगलं बरंच आहे. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोर्ग, लोझान आणि बर्न या तीन युनिव्हर्सिटींनी मिळून मेडिकलच्या मुलांसाठी एम्ब्रियॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स केलाय, तो क्रमानं वाचायला चांगला. सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स युनिव्हर्सिटीची एम्ब्रियॉलॉजी साइट म्हणजे समुद्र आहे, मुलांना नुसती लिंक देऊन सोडू नका, बुडतात, नेमकं कुठलं पान आणि कुठलं चित्र ते सांगा. अॅमस्टरडॅमच्या लोकांनी खऱ्या गर्भांच्या कापांवरून थ्रीडी अॅटलस बनवलाय, अवयव एकेक करून लपवता-दाखवता येतो, बघतच राहावं असा. पण तो थ्रीडी पीडीएफमध्ये आहे आणि मोबाईलवर किंवा ब्राऊझरमध्ये उघडला की नुसतं मेलेलं चित्र दिसतं, कॉम्प्युटरवर अॅक्रोबॅट रीडरमध्येच फिरतो, म्हणून तो मी वर्गात प्रोजेक्टरवर दाखवते आणि फिरवायला माऊस मुलांच्या हातात देते.

कार्नेगी स्टेजेस मुलांना एकदा तरी दाखवा, पहिल्या आठ आठवड्यांच्या २३ पायऱ्या, शेवटच्या पायरीला गर्भ जेमतेम तीन सेंटिमीटरचा. पाठ करायला लावू नका, फक्त एका रांगेत सगळे बघू देत.

वापरायच्या आधी प्रत्येक लिंक स्वतःच्या मोबाईलवर उघडून बघा, वायफाय बंद करून. जुन्या साइट्सवरची बरीच अॅनिमेशन्स फ्लॅशमध्ये होती आणि फ्लॅश २०२० च्या शेवटी बंद पडलं, त्यामुळे सिनिअरनी प्रेमानं दिलेल्या जुन्या लिंक्सच्या यादीतल्या काही उघडल्या तर नुसता राखाडी चौकोन येतो. आणि टेक्स्टबुकमधली चित्रं स्कॅन करून ग्रुपवर टाकू नका, कॉपीराइटचा प्रश्न तर आहेच पण स्वतः काढलेलं वाकडंतिकडं चित्र मुलांना जास्त लक्षात राहतं, कारण तसंच त्यांना पेपरात काढायचं असतं.

पायरी ५. रात्रीचे पाच प्रश्न

व्हिडिओबरोबर एक गूगल फॉर्म, किंवा कॉलेजात मूडल (ऑनलाइन अभ्यासाची प्रणाली) असेल तर त्यातली क्विझ. पाचच प्रश्न. चार छोटे आणि पाचवा उघडा: "बघून झाल्यावर नेमकं काय कळलं नाही?" हा पाचवा प्रश्न म्हणजे सगळी मेहनत आहे, बाकीचे चार नसले तरी चालेल खरं तर.

मार्क बरोबर उत्तराला देऊ नका, भरल्याबद्दल द्या. मार्क दिले की उत्तरं नऊ वाजून पाच मिनिटांनी ग्रुपवर फिरतात, आपणही विद्यार्थी होतोच की. बंद करायची वेळ आदल्या रात्री दहा ठेवा, मग सकाळी चहा पिता पिता दहा मिनिटांत पाचव्या प्रश्नाची उत्तरं वाचून होतात. मिडगटला दरवर्षी तेच तीन प्रश्न येतात: आतडं बाहेर जातंच कशाला, घड्याळाच्या उलट म्हणजे कुणाच्या बाजूनं, आणि ९० आधी की १८० आधी. एकदा एकानं लिहिलं होतं "मॅडम सगळंच", त्याला वर्गात पुढं बोलावून ओढणी धरायला दिली.

ज्यांनी बघितलंच नाही त्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक ज्युनिअर विचारतो. त्यांच्यासाठी वर्गात व्हिडिओ परत लावू नका. एकदा लावला की पुढच्या वेळी कुणीच बघून येत नाही, हे मी तीन आठवड्यांत शिकले. कोपऱ्यात एक जागा द्या, हेडफोन लावून तिथं सात मिनिटं बघा आणि मग ग्रुपमध्ये या. लाजेखातर बरीच जण नंतर बघून येतात.

पायरी ६. वर्गातला तास

हे मी जरा सविस्तर लिहिते कारण गडबड इथंच होते.

पहिली दहा मिनिटं रात्रीचे तीन प्रश्न फळ्यावर. आतडं बाहेर का जातं? पोट लहान, त्यात लिव्हर जागा अडवून बसलेलं, किडन्याही वाढतायत, आणि आतडं भराभर लांब होतंय. वन रूम किचनमध्ये पाहुणे आले की गाद्या गॅलरीत जातात, तसं. घर जरा मोठं झालं की परत आत.

मग ओढणी. दोन वेगळ्या रंगांच्या ओढण्या टोकाला टोक बांधून घ्या. एक मुलगा पोट म्हणून उभा, वरचं टोक त्याच्या छातीपाशी, खालचं कमरेपाशी, आणि गाठ पुढं ओढलेली. वरची ओढणी क्रेनियल लिंब (आतड्याच्या वळणाची डोक्याकडची बाजू), खालची कॉडल लिंब (शेपटाकडची), गाठ म्हणजे व्हिटेलाइन डक्टची (आतडं आणि योक सॅक जोडणाऱ्या नळीची) जागा, जिथं नंतर काहींच्यात मेकल्स डायव्हर्टिक्युलम ही छोटी पिशवी राहते (लोकसंख्येच्या २ टक्क्यांत, इलिओसीकल व्हॉल्व्हपासून २ फुटांवर, साधारण २ इंच लांब, हे मुलांना आधीच पाठ असतं, का ते इथं कळतं). दोन्ही ओढण्यांच्या मधून पोटातून पुढं येणारी एक काठी किंवा फळ्याचा पॉइंटर, ती सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी, आतड्याला रक्त पुरवणारी. खालच्या ओढणीला गाठीपासून थोडं पुढं केसांचा क्लचर लावा, तो सीकम.

आता समोरून बघत घड्याळाच्या उलट ९० अंश. वरची ओढणी गर्भाच्या उजवीकडे गेली, क्लचरवाली डावीकडे. इथं थांबा. सगळ्यांनी तोंडानं बोलायचं, आत्ता आपण नाळेत आहोत. मग परत येताना अजून १८०. वरची ओढणी आर्टरीच्या खालून डावीकडे आत जाते, म्हणजे जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) आधी आणि डावीकडे. क्लचर सगळ्यात शेवटी, आर्टरीच्या वरून पुढून उजवीकडे, लिव्हरच्या खाली, आणि मग हळूहळू उतरून राइट इलिअॅक फॉसात, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. क्लचर उतरला की मागच्या बाकांवरून "ओह" असा आवाज येतो, दरवर्षी येतो, मला अजून त्याची सवय झाली नाहीये. आणि आता कुणीतरी विचारतंच की ट्रान्सव्हर्स कोलन ड्युओडेनमच्या पुढं कसं आलं, तेव्हा उत्तर न देता ओढणीकडं बोट दाखवा.

लेक्चर गॅलरीत बाक घट्ट बसवलेले असतात, दीडशे जणांना ओढण्या कुठून आणणार. त्यामुळे पुढं एकच ओढणी आणि दर दोघांत एक मीटरभर जाड लोकर आणि एक पेन, पंच्याहत्तर तुकडे आदल्या दिवशी कापून ठेवा, डिपार्टमेंटच्या मामांना सांगितलं तर ते कापून देतात. एकानं पेन धरायचा, दुसऱ्यानं फिरवायचं, मग बदलायचं. या वेळी तुम्ही स्टेजवर राहू नका, बाकांमध्ये फिरा, कुणाचं घड्याळ उलटं चाललंय ते बघा. पीजी किंवा ट्यूटर दोन तरी सोबत घ्या.

उरलेल्या पंधरावीस मिनिटांत केसेस. दोन चित्रं शेजारीशेजारी: एका बाळाचं आतडं नाळेच्या मुळाशी, वरून पातळ आवरण, दुसऱ्याचं नाळेच्या बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे, वर काहीच आवरण नाही, आतडं उघडं. कुठलं परत आलंच नाही आणि कुठलं पोटाच्या भिंतीचं दुखणं? मग तिसरी केस, तीन दिवसांचं बाळ, दूध पितंय, आणि उलटी हिरवी. लोकर अर्धीच फिरवा, ९० वर सोडा, मेसेंटरीचं (आतड्याला धरणाऱ्या पडद्याचं) मूळ अरुंद राहिलं, आता त्याला पीळ घाला. पेनाभोवती लोकर आवळली जाते ते मुलांना बोटाला जाणवतं. हिरवी उलटी म्हणजे थांबायचं नाही, सर्जनला आत्ता बोलवायचं, हे सांगायला मी पेडिअॅट्रिक सर्जरीच्या रेसिडेंटला दहा मिनिटांसाठी वर्गात आणते. येणं जमलं नाही तर त्याच्याकडून मोबाईलवर दोन मिनिटं बोलून घेते. पेशंटचा फोटो नको, रेघांचं चित्र पुरतं.

बाकीच्या टॉपिकना काय वापरायचं

पटापट सांगते. गॅस्ट्रुलेशनला मी दादरचा पूल वापरते. प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणजे जिना, एपिब्लास्टच्या (वरच्या थराच्या) पेशी म्हणजे पुलावरची गर्दी, दोन्ही बाजूंनी जिन्याकडं येते आणि खाली उतरते. आधी उतरलेले एकदम खालचा प्लॅटफॉर्म धरतात, तिथल्या हायपोब्लास्टवाल्यांना (खालच्या थराला) बाजूला सारून, ते एंडोडर्म. नंतर उतरलेले मध्येच पसरतात, ते मेसोडर्म. जे पुलावरच राहिले ते एक्टोडर्म. मुंबई न बघितलेल्या मुलांना यात्रेतली गर्दी सांगा. याचा व्हिडिओ रंगीत मोहऱ्या-डाळी वापरून स्टॉप मोशनमध्ये मुलांकडूनच करून घ्या, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं येतं.

फोल्डिंगला कणीक. तीन रंगांच्या तीन लाट्या एकावर एक, खाली छोटा फुगा योक सॅक म्हणून, कडा खाली वळवून करंजीसारख्या जोडायच्या. हळद आणि बीट घालून रंग छान येतो. मेसवाल्या काकूंना आधी सांगून ठेवा, नाहीतर विचारतात की एवढी कणीक वाया कशाला घालवता. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत फ्रायबर्गच्या त्सिग्लरचे मेणाचे गर्भ जगभरच्या कॉलेजात जायचे, तेव्हा हातानं आकार बनवून शिकणं काही मी शोधलेलं नाही.

न्यूरल ट्यूबला बॅगेची दोन रनर असलेली चेन. मधून, मानेच्या भागापासून बंद व्हायला लागते आणि दोन्हीकडे जाते, पुढचं तोंड साधारण २५ व्या दिवशी बंद, मागचं २८ व्या. चेन पुढून अडकली तर अॅनेनसेफली (मेंदू-कवटी नीट न बनणं), मागून अडकली तर स्पायना बिफिडा (पाठीचा कणा उघडा राहणं). आणि इथं परत दोन आठवड्यांचं गणित: २८ वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले, बाईला नुकतीच शंका यायला लागलीय आणि ट्यूब बंद होऊनही गेली. फॉलिक अॅसिड दिवस राहायच्या आधीपासून का, रोज ४०० मायक्रोग्रॅम का, ते मुलं स्वतःहून बोलतात.

ऑनलाइन नेऊ नका अशा गोष्टी

प्रीनेटल डायग्नोसिस, एएन ८१, हे मी समोरासमोरच घेते. अॅम्निओसेंटेसिस (पाणमोटीतलं पाणी घेऊन तपासणं) आणि कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग (वारेचा तुकडा घेऊन तपासणं) शिकवायचंच आहे पण सोबत पीसीपीएनडीटी, म्हणजे लिंगनिदानबंदीचा, कायदा, १९९४ चा, आणि त्याच्याही आधी १९८८ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला होता, देशात पहिला, हे मुलांना माहीत नसतं. सोनोग्राफीच्या क्लिप्स दाखवायच्या तर लिंग कळेल असं काही त्यात नसावं आणि पेशंटचं नाव, तारीख, हॉस्पिटलचं नाव कोपऱ्यात राहिलेलं असतं तेही कापलेलं असावं.

म्युझियममधल्या फीटल स्पेसिमेनचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका आणि मुलांनाही काढू देऊ नका, दारातच मोबाईल जमा. कुणाच्या तरी घरी असं बाळ झालेलं असतं, वर्गात ते कुणालाच माहीत नसतं. एकदा कंजेनिटल अॅनॉमलीजची क्विझ मी जरा विनोदी चित्रं घालून केली होती, तर एक मुलगा तास संपल्यावर येऊन म्हणाला, माझ्या बहिणीला स्पायना बिफिडा आहे. क्विझ त्याच संध्याकाळी काढून टाकली. आता असले टॉपिक सुरू करायच्या आधी सांगते की कुणाला बाहेर जायचं असेल तर जा, कारण विचारणार नाही.

परीक्षा आणि नंतरचं

शिकवलं लोकरीनं आणि परीक्षा फक्त "एक्सप्लेन मिडगट रोटेशन" अशी घेतली तर मुलं पुढच्या वेळी लोकर धरणार नाहीत, थेट गाइड उघडतील. इंटर्नलच्या ओएसपीईमध्ये (स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षेत) एक स्टेशन लोकर-पेनचं ठेवा, कार्डावर लिहा की नाळेतल्या स्थितीपर्यंत फिरवून दाखवा आणि सीकमवर बोट ठेवा. तीन मिनिटांत कळतं. लेखी पेपरची तयारी वेगळी लागतेच, त्यासाठी आठवड्यानं कोरा कागद द्या आणि चित्र स्मरणातून काढायला लावा, मग महिन्यानं परत. दुसऱ्या वेळी निम्म्यांचं चुकतं, चुकू दे, तेव्हाच व्हिडिओ परत उघडला जातो, मूडलवर त्या रात्रीचे आकडे वर गेलेले दिसतात.

वर्षाअखेरीला एक फोल्डर करा: व्हिडिओ, फॉर्म, पाचव्या प्रश्नाची सगळी उत्तरं आणि कुठला व्हिडिओ कितव्या मिनिटाला सोडून दिला गेला ते. पुढच्या वर्षी नवीन काही न बनवता जिथं मुलं सोडून गेली तेवढाच तुकडा परत शूट करा. लोकर गोळा करून डब्यात ठेवा, ओढण्या धुवून ज्यांच्या त्यांना द्या, आणि क्लचर तास संपायच्या आत परत मागून घ्या, माझे आत्तापर्यंत चार गेलेत.